न घेतलेलं औषध

“ताई, खरं सांगा हं, आम्ही काही रागावणार नाही. गोळ्या चुकतात ना मधूनमधून?” समुपदेशक बाईंनी हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की आपल्यावर आरोप होतोय हे क्षणभर तिच्या लक्षातच आलं नाही. ती खिडकीच्या जाळीत अडकलेल्या एका वाळक्या पानाकडे बघत होती. मग तो शब्द आत उतरला. चुकतात. जणू गोळ्या आपण होऊन रस्ता चुकतात आणि माणूस बिचारा घरी त्यांची वाट बघत बसतो. टेबलावर तिची फाइल उघडी होती. एकोणीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवून तिला आरशातलं, उलटं, तिरकं सगळंच वाचायची सवय झाली होती. डॉक्टरांच्या अक्षरातला, शाई अजून ताजी असलेला शब्द तिनं समोरून उलटाच वाचला. ‘अनियमित’. त्याच्या शेजारी आकडा होता, बेचाळीसशे. तिच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू किती आहे ते सांगणारा आकडा. गेली नऊ वर्षं त्या रकान्यात ‘आढळला नाही’ एवढंच छापून येत होतं. खरं तर त्या आकड्याची भीती वाटायला हवी होती, पण ती कुठेतरी मागे राहिली आणि तो एक शब्दच पुढे येऊन उभा राहिला. तिची कानशिलं तापली.

“एकही नाही,” ती म्हणाली.

“तसं सगळेच म्हणतात, ताई.”

नऊ वर्षं, रोज संध्याकाळी आठ वाजता. भर चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना पाणी नव्हतं म्हणून थुंकीबरोबर गिळलेली गोळी तिला आठवली. मामेबहिणीच्या लग्नात न्हाणीघरात कडी लावून घेतलेली. तापानं फणफणलेली असताना घेतलेली, उलटून पडली म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा घेतलेली. आई गेली त्या संध्याकाळी बायका अंगणात बसल्या होत्या, कुणीतरी मोठ्यानं रडत होतं, आणि ती स्वयंपाकघरात फडताळाकडे तोंड करून उभी राहिली होती, तळहातावर गोळी, नजर घड्याळावर. आईसाठी रडायच्या आधी ती गोळीसाठी थांबली होती. त्याची लाज तिनं पुढे कितीतरी दिवस बाळगली. आणि आता ही बाई, जिच्या ओढणीचा रंगसुद्धा खुर्चीच्या गादीशी मॅचिंग आहे, ती विचारतेय चुकतात का. लोकांनी आजवर तिला पुष्कळ नावं ठेवली होती. हट्टी, उद्धट, पुरुषी. निष्काळजी मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

ती उठून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर वयानं तिच्याएवढेच, सदा झोप अपुरी राहिल्यासारखे, मनानं वाईट नव्हते. त्यांनी समजावलं: औषधं नीट घेऊनही विषाणू वाढत असेल तर त्यानं स्वतःत बदल केलेला असू शकतो, मग औषध त्याला जुमानत नाही. तो बदल कुठे झालाय हे विषाणूचा जनुकीय क्रम वाचून कळतं. “पण ती चाचणी आम्ही सरसकट करत नाही. दहातल्या आठजणांचं कारण साधं असतं, गोळ्या घेतलेल्या नसतात. आधी तीन महिने नियमित घ्या. मग पुन्हा मोजू.”

“मी नियमितच घेते.”

“मी नाही कुठे म्हणतोय?”

“तुम्ही लिहिलंय.”

डॉक्टरांनी फाइलवर हात ठेवला. नकळतच, पण ठेवला. तो हात बघून तिच्या डोक्यात काहीतरी पक्कं झालं. “ठीक आहे,” ती म्हणाली, “उद्यापासून संध्याकाळची वेळ बदलून रोज सकाळी साडेआठला इथं येते. तुमच्या बाईंसमोर गोळी घेते. तोंड उघडून दाखवते. त्यांनी सही करायची.”

“अहो, त्याची काही गरज नाही.”

“तुम्हाला नसेल. मला आहे.”

आणि ती खरोखरच आली. पहिल्या शिकाऊ माणसाला साडेसातला घेऊन, त्याला घाम फोडून, सव्वाआठला घरी सोडून ती गाडी दवाखान्याच्या फाटकाशी लावी. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास आणि ओल्या लादीवर पहिल्यांदा पाय आपलाच पडल्याचं एक विचित्र समाधान. गोळी जिभेवर, पाण्याचा घोट, मग आ करून जीभ वर, जीभ खाली. पहिले काही दिवस समुपदेशक बाई हसून सही करीत. दहाव्या दिवशी त्यांचं हसू गेलं. विसाव्या दिवशी त्या कळवळून म्हणाल्या, “ताई, नका हो येऊ आता. माझा विश्वास आहे तुमच्यावर.” “तुमच्या विश्वासाचं मी काय करू? सही करा.” रविवारी दवाखाना बंद, तर तिनं रखवालदारासमोर गोळी घेतली आणि रविवारच्या पानावर त्याचा अंगठा-सही असं दोन्ही घेतलं. आपण हे कुणासाठी करतोय, असं एखाद्या सकाळी सिग्नलला उभी असताना तिच्या मनात येई. विषाणूला काय त्याचं? पण तिला जे सिद्ध करायचं होतं ते फार जुनं होतं, आणि हे तीन महिने तिला फक्त निमित्त म्हणून मिळाले होते. हे कळत होतं, तरी सिग्नल सुटला की पाय आपोआप दवाखान्याच्या दिशेनंच क्लच सोडी.

जुनं म्हणजे बारा वर्षांपूर्वीचं. नवरा अठ्ठावीस दिवस रुग्णालयात होता. आधी न्यूमोनिया म्हणाले, मग रक्त तपासलं, मग तिचंही तपासलं. तो गेला तेव्हा दोघांचे कागद एकाच पाकिटात होते. तेराव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना सासूनं पदर तोंडाला न लावता, अगदी स्वच्छ आवाजात म्हटलं होतं, “दिवसभर परक्या पुरुषांना शेजारी बसवून हिंडते. दुसरं काय होणार? माझा पोर हकनाक गेला.” तिची चुलत सासू भिंतीकडे बघत राहिली. धाकटा दीर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याकडे तो तेव्हा काम करायचा. तिनंच त्याला गाडी शिकवली होती, वळणावर घाबरायचा म्हणून त्याच वळणावर वीसवीसदा फिरवून. त्यानं मान खाली घातली. लाजेनं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिची लाज. नवऱ्यावर तिनं कधी संशय घेतला नाही असं नाही. घेतला, पण तो शीळ घालत जिना चढणारा, तिची जड पिशवी तिच्या हातून ओढून घेणारा, भांडण झालं की अर्ध्या तासात काहीतरी खुळचट बोलून हसवणारा माणूस होता. त्याच्याकडूनही आलेलं असेल तर त्यालाही ठाऊक नसणार, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. दोघं बिचारे, दोघांनाही माहीत नव्हतं. त्या वाक्यावर तिनं बारा वर्षं काढली होती.

नव्वद दिवसांनी आकडा आला. अकरा हजार. डॉक्टर हळू आवाजात सांगत होते आणि तिला आनंद झाला. अगदी खराखुरा, पोटातून वर येणारा आनंद, परीक्षेत पहिली आल्यासारखी ती टेबलावर पुढे वाकली आणि म्हणाली, “बघा!” डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग तिला कळलं की आपण काय जिंकलोय. विषाणू आता तिच्या गोळ्यांना जुमानत नव्हता. रक्त जनुकीय चाचणीसाठी पुढच्या आठवड्यात मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. जाण्याआधी डॉक्टरांनी तिच्यासमोर फाइल ओढली, तो शब्द खोडला, शेजारी सही केली आणि म्हणाले, “माझं चुकलं.” तिला वाटलं होतं की या क्षणी फार बरं वाटेल. तेवढं वाटलं नाही.

साडेतीन आठवड्यांनी अहवाल आला. चार पानं. एका पानावर नुसत्या अक्षरांच्या रांगा होत्या, दुसऱ्यावर औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर चालेल, कमी चालेल, चालणार नाही असं. डॉक्टर बराच वेळ एकाच ओळीवर पेन्सिल टेकवून बसले होते. “तुम्ही याआधी कुठे दुसरीकडे उपचार घेतले होते?”

“नाही.”

“कधीच? नवऱ्याच्या वेळी, खाजगीत?”

“पहिली गोळी याच दवाखान्यातली. का?”

“तुमच्या विषाणूत काही बदल आहेत ते तुमच्या चालू गोळ्यांमुळे झालेले, ते समजू शकतो. पण ही एक खूण…” पेन्सिल हलली. “ही एका जुन्या औषधानं पडते. ते आम्ही तुम्हाला कधी दिलंच नाही. विषाणूला ते औषध जिथं भेटलं, ते तुमच्या शरीरात नाही. तुमच्यापर्यंत येण्याआधीच तो बदललेला होता.”

तिनं विचारलं, “म्हणजे ज्याच्याकडून आला तो औषध घेत होता?”

“तो, किंवा त्याच्याआधीचा कुणी. नुसत्या कागदावरून मी शपथेवर सांगू शकत नाही.” ते थांबले. “तीन औषधं मिळून काम करतात, तिपाई असते तशी. तुमच्या तिपाईचा एक पाय पहिल्यापासूनच कच्चा होता. तुम्ही त्याच्यावर नऊ वर्षं बसलात, याचंच मला नवल वाटतं. गोळी चुकवणाऱ्या माणसाला ते जमलं नसतं.” मग त्यांनी कामाचं सांगितलं: जुन्या खुणा सगळ्याच चाचणीत दिसत नाहीत, काही दडून बसतात. कुठली औषधं, किती दिवस, कशी घेतली होती हे कळलं तर नवी औषधं निवडताना चूक होणार नाही. नाहीतर अंदाजानं द्यावी लागतील.

घरी न जाता तिनं गाडी नदीकाठच्या मोकळ्या मैदानात नेली, जिथं ती नवख्यांना रिव्हर्स शिकवते. इंजिन बंद केलं. आणि तिला ती बाटली दिसली. कपाटातली, वरच्या कप्प्यातली, केस गळू नयेत म्हणून घेतो म्हणायचा ती जीवनसत्त्वांची बाटली. लग्नानंतर पहिल्या वर्षी होती. सकाळी तो ती घेऊन न्हाणीघरात जाई, नळ मोठा सोडी. ती त्याला चिडवायची, “केस वाढवायला इतकं पाणी?” तो हसायचा. कसा हसायचा? ती आठवायला लागली आणि आठवता आठवता तो चेहरा तिच्या हातून निसटला. मग बाटली कधीतरी दिसेनाशी झाली. मला दिसेल म्हणून बंद केली असेल. म्हणजे माझ्यापासून लपवायला त्यानं जीव धोक्यात घातला, स्वतःचा आणि माझाही. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा भयंकर संताप आला. तिनं स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. हॉर्न वाजला. मैदानाच्या टोकाला फुटबॉल खेळणाऱ्यांनी वळून पाहिलं. रडायचं नाही, असं ठरवून ती रडली, आणि मग बाटली कोण आणून देत असेल याचा विचार करायला लागली. तो विचार फार लांब नव्हता.

दिराचं आता स्वतःचं औषधांचं दुकान होतं. तिला दारात बघून त्याच्या हातातली गोळ्यांची पट्टी गल्ल्यावर पडली. “वहिनी? तुम्ही? काय झालं?”

“गाडीत येऊन बस.”

बारा वर्षं भेट नव्हती, पण त्याआधी आठ वर्षं ती त्याला ‘अहो भाऊजी’ म्हणत आली होती. आज तोंडून अरे-तुरे निघालं आणि ते परत घ्यावंसं वाटलं नाही. तो मुकाट्यानं येऊन बसला, पट्टा लावला, जणू पुन्हा शिकायलाच आलाय. तिनं अहवाल त्याच्या मांडीवर ठेवला. औषधांच्या धंद्यातला माणूस; पेन्सिलची खूण केलेल्या औषधाचं नाव बघितल्याबरोबर त्याचा चेहरा पांढरा पडला. काही विचारायची गरज उरली नाही.

“लग्नाच्या दोन वर्षं आधी कळलं होतं,” तो म्हणाला. “दादानं माझ्याकडून शपथ घेतली. मी आणून द्यायचो, गोदामातून, मिळेल तसं. कधी दोन महिने मिळायचं, कधी तीन महिने नाही. वहिनी, मी बावीस वर्षांचा होतो.”

“आणि तेराव्याला बत्तीसचा होतास.”

त्यानं मांडीवरचा अहवाल उलटा केला.

“आईंना ठाऊक होतं?”

“शेवटी. रुग्णालयात. दादानंच सांगितलं.” त्यानं डोळे पुसले. “त्यानंतर त्या जे बोलल्या… मी त्यांना एकदा म्हटलं होतं, आई, असं नको होतं. त्या म्हणाल्या, गेलेल्याची अब्रू आधी. वहिनी, मला माफ करा. पाया पडतो तुमच्या.”

“मला तुझी माफी नको,” ती म्हणाली. “मला नावं हवीत. गोळ्यांची. कुठली, कधीपासून, किती दिवस घेतली, किती दिवस नाही. गुरुवारी दहा वाजता दवाखान्यात यायचं आणि डॉक्टरांना स्वतः सांगायचं. मी तुझा निरोप्या होणार नाही.”

“तिथं? सगळ्यांसमोर? वहिनी, मी लिहून देतो ना. माझं दुकान आहे, लोक ओळखतात…”

“मलाही ओळखतात,” ती म्हणाली, आणि हात लांब करून त्याच्या बाजूचं दार उघडलं.

गुरुवारी तो आला. टोपी घालून, कपाळापर्यंत ओढून. कॉरिडॉरमधल्या बाकावर तिच्यापासून दोन जागा सोडून बसला. भिंतीवरच्या पाटीवर एचआयव्ही विभागाचं नाव हातभर अक्षरात होतं, आणि त्या पाटीखालून त्वचारोगाच्या, दातांच्या, सगळ्याच रोग्यांची ये-जा चालली होती. सव्वादहाला गाल सुजलेला एक गृहस्थ दातांकडे जाता जाता थबकला. दिराच्या दुकानाचं गिऱ्हाईक. आणि त्याची बायको तीन आठवडे तिच्याकडे गाडी शिकत होती. त्यानं दिराकडे बघितलं, मग पाटीकडे, मग पुन्हा दिराकडे. ती नजर तिला पाठ होती. दिराचे ओठ हलले. “मी… सहज… एका ओळखीच्यांचं…” त्याच्या कपाळावर टोपीखालून घाम आला. तिला वाटलं, बघू दे. एकदा बघू दे याला कसं वाटतं ते. पाच-सहा क्षण तिनं बघू दिलं. गोड वाटलं, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. मग ती उभी राहिली.

“आजारी मी आहे,” ती म्हणाली. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याचा आवाज, बंद काचांतून पलीकडे जाणारा. “मला एचआयव्ही आहे, बारा वर्षं. हे माझे दीर. माझ्या नवऱ्यानं कुठली औषधं घेतली होती ते डॉक्टरांना सांगायला आलेत. तुमचा दात कसा आहे?”

गृहस्थानं गालावर हात ठेवला आणि दातांच्या विभागाकडे चालता झाला. ती खाली बसली. दिरानं टोपी काढून हातात धरली होती. आत गेल्यावर तो वीस मिनिटं बोलला, तारखा सांगितल्या, जिथं आठवत नव्हतं तिथं आठवत नाही म्हणाला. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं आणि आधी जी औषधं योजली होती त्यातलं एक काटलं. “हे दिलं असतं तर वर्षभरात पुन्हा इथंच आलो असतो,” ते म्हणाले.

दवाखान्यातलं बोलणं तिच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोचलं. मालक साठीचे, घाबरट, मुळात भले. त्यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले. “खरं का हे?” “खरं.” “मग असं करू या का, थोडे दिवस तुम्ही ऑफिसात बसा. फोन घ्या, अर्ज भरा. लोकांचं जरा…” “मी फोन घ्यायला आले नव्हते इथं. शेजारी बसून कुणाला काही होत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर आज सांगते, आणि ठाऊक असेल तर तुम्ही लोकांना सांगा.” “लोकांना मी काय सांगू, बाई?” “सांगा, की ती गाडी चांगली शिकवते.” मालक काढून टाकतो म्हणाले नाहीत, ठेवतो असंही म्हणाले नाहीत. गाडीची किल्ली तिनं खिळ्यावरून स्वतःच काढून घेतली. पाच शिकाऊ सोडून गेले, त्यात दातवाल्या गृहस्थांची बायको पहिली. कितीतरी सकाळी ती रिकामी गाडी घेऊन स्कूलच्या फाटकाशी उभी राही, वेळेवर, काचा पुसून, तासभर. मग परत नेऊन लावी. नव्या गोळ्यांनी पहिला महिना डोकं जड असे आणि स्वप्नं इतकी लख्ख पडत की सकाळी उठल्यावर थकवा येई. एकदा स्वप्नात नवरा आला, शीळ घालत. ती त्याला म्हणाली, आता माझ्या गाडीत बसायचं नाही. तो हसला नाही. जागी झाल्यावर तिला फार वाईट वाटलं, पण म्हटलेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही.

सासूचा एकदाच फोन आला. “आता मेलेल्याचं उकरून काय मिळालं तुला?” तिनं विचारलं. आवाज म्हातारा झाला होता. “औषध मिळालं,” ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

चौथ्या महिन्यात आकडा आला, म्हणजे आलाच नाही; मोजण्याइतका विषाणू मिळाला नाही. डॉक्टरांनी कागद तिच्याकडे सुलटा करून सरकवला. “औषध लागू पडलं,” ते म्हणाले. “गेला असं नाही. पण आता तो गप्प बसेल, तुम्ही गोळ्या घेत राहिलात तर.” आणि बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूलच्या फाटकाशी उभी असताना दातवाल्या गृहस्थांची बायको समोरून आली. पन्नाशीची बाई, हातात पर्स घट्ट धरलेली, चालण्यात घाई. गाडीजवळ येऊन थांबली.

“ह्यांना सांगून आले नाही,” ती म्हणाली.

“मग?”

“शिकायचंय. अर्धवट राहिलंय माझं.” ती इकडेतिकडे बघून पटकन म्हणाली, “मी वाचलं सगळं. शेजारी बसून काही होत नाही. हात धरूनही नाही. ह्यांनाही वाचून दाखवलं, पण ह्यांचं आपलं एकच.”

“बसा.”

बाईंनी आरसा लावला, पट्टा लावला, हात पुसले. गाडी गल्लीतून निघाली, मोठ्या रस्त्याला लागली आणि रेल्वेपुलाच्या चढावर, नेमकी मध्यावर, बंद पडली. मागे एक टेम्पो, त्याच्या मागे बस, त्याच्या मागे आणखी कितीतरी. सगळ्यांनी एकदम हॉर्न धरले. बाईंच्या मानेवर घामाचे थेंब आले.

“मॅडम, लोक वाजवतायत हो.”

“वाजवू देत. रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही. हँडब्रेक ओढा. चालू करा. पहिला गिअर. आता क्लच सावकाश सोडायचा, आणखी सावकाश. गाडी थरथरली की मला सांगा.”

“थरथरतेय.”

“मग निघा.”